नसलेल्यांचा भार

डोंगर भाद्रपदात जड असतो आणि वैशाखात हलका. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. डोंगरांचे वजन करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि ज्या काळात मी तो शिकलो त्या काळात त्याला फार मागणी होती.

माझ्याकडे बाजाच्या पेटीएवढे एक यंत्र असते. त्याच्या पोटात काचेची एक उभी नळी असते आणि त्या नळीत निर्वात पोकळी. लेझरच्या प्रकाशाने काही लाख अणूंना इतके थंड करायचे की त्यांची सारी चुळबूळ थांबावी, आणि मग त्यांना अलगद सोडून द्यायचे. ते पडतात. किती वेगाने पडतात एवढेच यंत्र मोजते. पायाखालच्या खडकात पाणी भरलेले असेल तर पृथ्वी त्या जागी त्यांना किंचित जास्त ओढते; पाणी उतरले की ती ओढ मंदावते. फरक नवव्या दशांशस्थळावर असतो, पण तो असतो. दरीत निरनिराळ्या जागी हे यंत्र ठेवले आणि काही दिवस अणू पडू दिले, की डोंगराच्या आत किती पाणी आहे आणि ते कोणत्या गतीने उतरते आहे हे कळते. विहीर न खणता, झाड न तोडता, कुणाला काही न विचारता.

शहरांतून माणसे निघू लागली होती, तो हा काळ. नळाचा आणि विजेचा भरवसा संपला तेव्हा अनेकांनी विरळ वस्तीचे तालुके शोधले आणि स्वतःच्या अन्नपाण्यावर जगण्यासाठी तिथे घरे बांधली. पहिल्या लाटेत गेलेल्यांपैकी बहुतेक जण दोन-तीन उन्हाळ्यांत परतले. त्यांनी जमीन पाहिली होती, आकाश पाहिले होते. जमिनीखालचे पाहिले नव्हते. काही ठिकाणी त्यांच्या कूपनलिकांनी जुन्या वस्तीचे झरेही नेले. मग कायदा आला. ज्या गावाचा भारांक मोजलेला नाही, तिथे नवे बिऱ्हाड नाही. सर्वांत वाईट वर्षाच्या वैशाखातही झरा जिवंत राहील अशा बेताने त्या जमिनीवर आणखी किती माणसे जगू शकतील, तो आकडा म्हणजे भारांक.

यातली एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. शहरातल्या माणसाचा भार हजार गावांवर वाटलेला असतो: तांदूळ कुणाच्या शेतातला, भाजी कुणाच्या विहिरीवरची, दूध कुणाच्या चाऱ्याचे. स्वावलंबी माणूस मात्र आपला सगळा भार एकाच जमिनीवर टाकतो. म्हणून तो फार जड असतो.

हे मी प्रथम ऋजुताला सांगितले तेव्हा ती हसली होती. "होऊ दे मला जड," ती म्हणाली. "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जिवावर हलकीच होते की!"

ऋजुता माझी पत्नी. तिचे वडील एका उन्हाळ्यात, सातव्या मजल्यावर, वीज नसलेल्या आठवड्यात गेले. त्यांच्या कपाळावर ठेवायच्या फडक्यापुरतेही पाणी शेवटी घरात उरले नव्हते. त्यानंतर ती रडली नाही. ती शिकू लागली. दोन पावसाळे ती भोरकडे एका ओळखीच्या घरी जाऊन भाताची लावणी करून आली. शेळीचे बाळंतपण, मधाच्या पेट्या, बियाण्याला राख लावून ठेवणे, सारे शिकली. परतल्यावर तिच्या बोटांच्या भेगांतून मातीची जी रेघ राही, ती साबणाने जात नसे, आणि जावी असे तिलाही वाटत नसे. मला मातीचे वेड नव्हते. मला ऋजुताचे होते. मी ते तिला कधी नीट सांगू शकलो नाही, आणि ती मला विचारीतही नसे. आमच्या घरात प्रेम हे बहुधा शेजारी बसून नकाशे पाहण्याच्या रूपात असे.

लोकवस्तीच्या नकाशावर जिथला रंग सर्वांत फिकट होता, तिथे एका संध्याकाळी तिने बोट टेकवले. सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, तीन बाजूंनी डोंगरांनी धरलेली एक दरी. गावाचे नाव नेरखोल.

"इथं," ती म्हणाली. "माणसं कमी, पाऊस भरपूर. इथं आपण तिघं मावू."

आम्ही दोघेच होतो. तिसरे अजून यायचे होते. पाणी घरचे झाल्याशिवाय ते आणायचे नाही, असे तिने ठरवले होते.

नेरखोलच्या वेशीवर आम्हाला पहिला भेटला तो गुणाजी घाडी. सत्तरी ओलांडलेला, खांद्यावर फावडे, कमरेला आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता. माझ्या खांद्यावरच्या यंत्राकडे त्याने बराच वेळ पाहिले.

"भजनाक पेटी आणलात काय?"

"नाही, काका. डोंगराचं वजन करायचं यंत्र आहे."

"डोंगराचा वजन!" तो थबकला. "आणि मगे? इकूक काढतलास?"

ऋजुता हसली. "विकायला नाही हो काका. आम्ही राहायला आलोय. जागा असली तर."

गुणाजीने फावडे खाली टेकवले आणि दरीभर हात फिरवला. ओळीने घरे होती आणि बहुतेकांच्या दारांना कुलपे होती. शाळेच्या व्हरांड्यात कुणीतरी सुपारी वाळत घातली होती.

"जागा ढीगभर आसा गो बाय," तो म्हणाला. "माणसा खय आसत?"

माझी अडचण वेगळीच होती. यंत्राला शांतता लागते. पंपाची थरथर, लाकूडतोड, जवळून गेलेले गुरांचे खूर, या साऱ्यांनी पडणारे अणू बिचकतात. पहिल्या दोन दिवसांची मोजणी मला टाकून द्यावी लागली. माझा चेहरा पाहून गुणाजी म्हणाला, "मगे गावपळणीक थांबा. आता आठवड्यार इली."

गावपळण मी ऐकून होतो, पाहिली नव्हती. ठरलेल्या वर्षी देवाचा कौल घेऊन सारे गाव आपली घरे सोडते आणि वेशीबाहेर जाऊन राहते.

"तीन दिस गावात माणूस नाय, ढोर नाय, कोंबो सुदीक नाय," गुणाजी सांगत होता. "कौल झालो की जावचा, कौल झालो की येवचा. तुमचे ते अणू की कोण, पडांदेत बापडे निवांत."

इतकी निर्भेळ शांतता मला पुन्हा कुठे मिळणार होती? मी आनंदलो. ज्या दिवशी ढोल वाजला आणि गाव निघाले, त्या दिवशी मी यंत्र देवळामागच्या कातळावर सुरू करून ठेवले, ते स्वतःच्या चाकांवर ठरलेल्या जागा फिरेल अशी व्यवस्था केली, आणि आम्हीही माणसांबरोबर बाहेर पडलो.

नदीपलीकडच्या माळावर झावळांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यांचे ते गाव तिथे अचानक तरुण झाले. जनीकाकी राऊळ, जिच्या गुडघ्यांविषयी आम्ही आठवडाभर ऐकत होतो, तिने ऋजुताचे हात धरून फुगडी घातली. गुणाजी दुसऱ्यांच्या चुलींवरचे मासे चाखत फिरला आणि प्रत्येक ठिकाणी शिव्या खाऊन आला. ऋजुताचा चेहरा चुलींच्या उजेडात असा काही दिसे की मी तिच्याकडे बघायचे टाळत असे. फार सुख असले की मला त्याच्याकडे थेट पाहता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्राने आकडा पाठवला. पाणी फार संथपणे उतरत होते. त्यात गावकऱ्यांचा वापर मी नियमाप्रमाणे मिळवला होता: माणशी पिण्याचे, स्वयंपाकाचे, गुरांचे, परसातल्या भाजीचे. तो धरूनही भारांक येत होता नऊ.

मी ऋजुताला फोनचा पडदा दाखवला. तिने तो वाचला आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

"काय इला वजन?" गुणाजीने ओरडून विचारले.

"नऊ माणसं, काका. आणखी नऊ माणसं इथं राहू शकतात."

"नऊ!" त्याने टोपी काढली. "मगे शाळा चालू जातली रे!"

जनीकाकी ऋजुताजवळ सरकली. "गो, त्या नवांत पाळण्यातला धरलंस काय?"

"धरलंय काकी," ऋजुता म्हणाली. आयुष्यात प्रथमच ती माझ्यादेखत लाजली.

संध्याकाळी कौल झाला आणि गाव परतले. आम्हीही.

यंत्र मी लगेच बंद केले नाही. सवयीने चालू ठेवले. दोन दिवसांनी, थरथर गाळून उरलेली डोंगराच्या वजनाची रेषा मी पाहिली तेव्हा ती कड्यावरून उतरावी तशी उतरत होती. प्रथम मला यंत्रातच दोष वाटला. मी ते पुन्हा जुळवले. रेषा तशीच राहिली. माणसे परत येताच डोंगर कित्येक पटींनी वेगाने हलका होऊ लागला होता. आणि माणसे तर मूठभर होती, म्हातारी होती, एका कळशीत न्हाणारी होती.

सकाळी मी झऱ्यापासून निघालेल्या पाटाच्या काठाने चालत गेलो. पाट एका पोफळीच्या बागेत शिरत होता. आत गुणाजी गुडघाभर चिखलात उभा राहून फावड्याने आळी फोडीत होता.

"ही बाग तुमची, काका?"

"माझी खयची! माझी ती पलीकडे, वायच. ह्यी विश्रामाची."

"विश्राम कोण?"

"माझो चुलतभाव. मुंबैक आसा. त्येका येवक गावना नाय. पण पोफळी सुकूक देवन चलात?"

"शेवटचे कधी आले होते?"

त्याने फावड्यावर हनुवटी टेकली. "त्येची चेडवा ल्हान होती तेवा इल्लो. आता त्या चेडवांची लग्ना झाली म्हणतत."

"आणि ती वरची?"

"ती दाजीची. दाजी मेलो. पण त्येचो झील आसा मा! गोयांत खयतरी." त्याने पाटाचे दार पायाने लोटले आणि पाणी दाजीच्या माडांकडे वळले. "त्येच्या फुडली मधूची. मधू दुबैक. जनी बघता तिच्या भावांच्यो. म्हातारो तेली बघता तेल्यांच्यो. वाटून घेतलव आमी."

मी तिथेच बांधावर बसलो. माझे गणित चुकले नव्हते. मी मोजलेली माणसे चुकली होती. नियम डोकी मोजतो. नेरखोलमध्ये डोकी थोडी होती, पण प्रत्येक वाकलेल्या पाठीवर चार-पाच बिऱ्हाडांचे माड होते. जे कधीच निघून गेले त्यांची तहान इथेच राहिली होती आणि तिला रोज सकाळी पाणी मिळत होते. गावपळणीच्या दिवसांत पाटाची दारे बंद होती. मी जगातली सर्वांत शुद्ध शांतता मोजली होती, आणि तिच्यात गाव नव्हते.

सगळे पुन्हा मांडले. सर्वांत वाईट वर्ष धरले. नवाचा आकडा खाली येत येत एकावर थांबला.

ऋजुता शाळेची एक खोली झाडून घेत होती. गुणाजीने किल्ली दिली होती. मी दारात उभा राहून सांगितले. तिने केरसुणी भिंतीला टेकवली.

"एक म्हणजे?"

"एक माणूस."

"पुन्हा बघ."

"तीनदा बघितलं."

ती खिडकीपाशी गेली. बाहेर पाटाचे पाणी ऐकू येत होते. ती म्हणाली, "एकाचे दोन केलेस तर? कुणाला कळणार आहे? तूच मोजतोस."

"वाईट वर्षी पाऊस यायच्या आधी झरा आटेल. आधी वरच्या वाडीचा. जनीकाकींचं घर वरच्या वाडीत आहे. मी आकडा खोटा लिहू शकेन, ऋजुता. वैशाख खोटा लिहिता येत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्यासमोर बोलायचं होतं कुणीतरी. म्हणून विचारलं."

गावाला सांगणे भागच होते. देवळापुढच्या मांडावर सारे जमले. मी फार लोकांसमोर बोलू शकत नाही. शब्द माझ्या घशात एकमेकांवर पडतात. तरी कसेबसे सांगितले. जनीकाकीने कानामागे हात धरून ऐकले.

"म्हंजे हे जे नाय आसत," तिने विचारले, "ते पाणी पितत?"

"होय, काकी."

"बघा मेल्यांका! हयसर येवक येळ नाय, पाणी मात्र पितत!"

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात ऋजुताने अगदी हळू विचारले, "काही बागा सोडून दिल्या तर?"

हसणे थांबले. कुणी रागावले नाही. ते सारे एकदम दमल्यासारखे दिसू लागले. शेवटी गुणाजी बोलला.

"सोडूक येतली गो बाय. खयची सोडूया, तां सांग. विश्रामाची? तो उद्या इलो आणि इचारल्यान, गुणग्या, माझ्यो पोफळी खय, तर काय सांगू? तू येवचस नाय असा आमी धरून चललव?" त्याने मिशीवरून हात फिरवला. "ते येवचे नाय, माका ठावक आसा. पण झाड हिरवा आसा तवसर तां नक्की नाय. झाड सुकला काय नक्की झाला."

ऋजुताने मान हलवली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी गुणाजी शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा होता, हातात पिशवी.

"मी जातंय सावंतवाडेक, चेडवाकडे," तो ऋजुताला म्हणाला. "ती कवापासून बोलवता. माझी जागा ह्या झिलाक दी. दोगा रवा. माझ्या बागांचा बघा म्हंजे झाला."

"काका, तुम्हाला जायचंय मुलीकडे?" मी विचारले.

"फ्लॅटात? थय माका कोण खोकूक पण देवचा नाय!" तो हसला. "पण जातलय."

ऋजुताने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. "पुन्हा असं बोललात तर मी आज गाव सोडीन. कुणाला उठवून त्याच्या पाटावर मला बसायचं नाही."

"रागावता माज्यार!" गुणाजी मला म्हणाला. "बाईल जड आसा रे तुझी." आणि पिशवी परत घेऊन बागेकडे वळला.

आमचे शेवटचे दिवस त्यानंतर फार हळू गेले. आणखी तालुके होते, नकाशावर फिकट रंग आणखी होते. मी तिला ते दाखवू लागलो. ती ऐके, हो म्हणे. पण एका सकाळी मी पाहिले, ती जनीकाकीबरोबर पाटात उभी होती. लुगड्याचा ओचा खोचावा तशी सलवार गुडघ्यांपर्यंत खोचलेली, दोन्ही हात चिखलात, पाण्याला वाट करून देत. ती काहीतरी गुणगुणत होती. वडील गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकले नव्हते.

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. ती वळली आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला कळले. मला पुढे बोलावे लागू नये म्हणून ती काहीतरी म्हणेल, असे मला वाटले.

"तू राहा," मी म्हणालो.

ती रडू लागली. चिखलाचे हात तोंडाला लावता येईनात म्हणून ती तशीच, हात दूर धरून, उभ्या उभ्या रडली. मी वाट पाहत होतो. तिने नाही म्हणावे, एवढीच माझी इच्छा होती. एकदाच, खोटेही चालले असते. पाणी आमच्या मधून वाहत दाजीच्या माडांकडे गेले. तिने नाही म्हटले नाही.

यंत्र तिथेच ठेवून मी एकटा शहरात परतलो. ते नेरखोलची रेषा पुण्याला पाठवीत राहिले आणि मी दर महिन्याला ती पाहत राहिलो. एका माणसाचे असणे त्या रेषेत दिसत नाही, हे मला इतर कुणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही मी शोधीत असे: हा किंचित उंचवटा म्हणजे ती न्हाली असेल, ही घसरण म्हणजे तिने वांगी लावली असतील.

पाहुणा म्हणून वर्षातून थोडे दिवस राहायला कायद्याची हरकत नव्हती. मी जाई. ऋजुता काळी झाली होती, खांद्यांनी रुंद झाली होती, आणि तिच्या बोलण्यात हळूहळू "मगे" आणि "वायच" येऊ लागले होते. शाळेच्या खोलीत आम्ही दोघे नवख्यांसारखे वागायचो. तिसऱ्याचे नाव आम्ही कधी काढले नाही. तिच्या बियाण्याच्या डब्यांमध्ये तिने शिवलेले एक लहान अंगडे मला एकदा दिसले. मी डबा पुन्हा लावून ठेवला.

गुणाजी दर वेळी वेशीपर्यंत मला घ्यायला येई. दर वर्षी त्याची चाल थोडी आखूड होत होती. तिसऱ्या वर्षी त्याने माझी पिशवी उचलायचा प्रयत्न केला आणि उचलता आली नाही. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले.

"अजून जित्तो आसय रे झिला," तो म्हणाला. "माका बघून तोंड पाडू नको."

तो थट्टा करीत होता. त्याला थट्टेखेरीज दुसरे काही मनात नव्हते, अशी माझी खात्री आहे. पण त्या क्षणी मी त्याच्याकडे पाहत होतो ते खरोखर कशासाठी, हे मला कळले. मी त्याच्या श्वासाची धाप मोजत होतो. कातळावरचे यंत्र अणूंची पडझड मोजते, तितक्याच अलिप्तपणे आणि तितक्याच अचूकपणे. त्या वेळी मी दोनच दिवस राहिलो.

त्यानंतरच्या फाल्गुनात, दुपारी, ऋजुताचा फोन आला.

"गुणाजीकाका गेले," ती म्हणाली. "सकाळी."

"अरेरे," मी म्हणालो.

मग आम्ही दोघेही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यात शोक होता. पण त्याच्या तळाशी दुसरेही काही हलले होते, आणि ते दोन्हीकडून हलले होते. गुणाजीमागे त्याच्या घरात कुणी नव्हते. विश्रामाच्या, दाजीच्या, मधूच्या बागांना पाणी द्यायला कुणी नव्हते. त्या सुकल्या तर नेरखोलचा भारांक कुठवर जाईल, हे माझ्या मनाने मला न विचारताच मांडले होते. एक नव्हे; दोन, तीन. तिघे मावत होते.

"निमिष," ती म्हणाली, "केलंस ना गणित?"

"हो," मी म्हणालो.

"मीही केलं. त्यांना अंगणात ठेवलं होतं. जनीकाकी त्यांच्या तोंडात पाणी घालत होती, सगळे रडत होते, मीही रडत होते. आणि रडता रडता माझ्या मनात आलं, जागा झाली. ते मला मुलीसारखं वागवत होते रे. परवा हात धरून म्हणाले, आता बागा सोड बाय, त्येका बोलव. मी हो म्हटलं त्यांना. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, असं मला वाटत होतं."

"ऋजुता..."

"ऐक. माझी मलाच भीती वाटली. मी अंगणातून उठले, बागेत गेले आणि पाटाचं दार उघडलं. विश्रामच्या बागेत पाणी सोडलं. मग दाजीच्या, मग मधूच्या. लोक त्यांना घेऊन निघाले तेव्हा मी तिथंच होते, आळी फोडत. कुणी मला हाक मारली नाही."

दूर कुठेतरी तिच्यामागे कावळे ओरडत होते.

"तू येऊ नकोस," ती म्हणाली. "आलास तर आपण दोघं बसून मोजू. आता जनीकाकी, मग तेली. आपल्याला मोजता येतं ना. इथल्या कुणाला येत नाही. ते नुसते जगतात, कुणी गेलं की रडतात. मला तेवढंच परत शिकायचंय."

"त्या बागांचं काय करणार आहेस?"

"शिंपणार. विश्राम येईपर्यंत."

विश्राम येणार नव्हता. तिलाही ते ठाऊक होते. मला तिला सांगायचे होते की तुझ्याशिवाय मला हे शहर, हे घर, हा व्यवसाय, काहीच स्वतःचे वाटत नाही. की मीही एक नसलेला माणूस आहे आणि माझीही तहान तिथेच राहिली आहे. मी म्हणालो, "बरं केलंस."

"ठेवते," ती म्हणाली. पण बराच वेळ तिने फोन ठेवला नाही. आळ्यांत पडणाऱ्या पाण्याचा आवाज मी ऐकत राहिलो. मग तोही थांबला.

महिनाअखेरीस रेषा आली. मी ती पडद्यावर मोठी केली आणि खिडकी लावून घेतली. नेरखोलचे पाणी पूर्वीच्याच उताराने उतरत होते. एक माणूस कमी झाल्याची खूण तिच्यात कुठेही नव्हती.